लेबल क्रेमोनाचं, हात कुणाचे?

जुनं व्हायोलिन हाती आलं की माणूस आधी त्याच्या पोटावरच्या वळणदार भोकातून आत डोकावतो. पाठीच्या फळीवर आतून एक पिवळा पडलेला कागदाचा तुकडा डकवलेला दिसतो. त्यावर लॅटिनमध्ये छापलेलं असतं, ‘अंतोनियुस स्ट्रादिवारियुस क्रेमोनेन्सिस फाचिएबात आन्नो’, आणि पुढे सतराशे अमुक साल. क्रेमोनाच्या अंतोनिओ स्ट्रादिवारीने त्या साली हे घडवलं, एवढाच त्याचा अर्थ. मालकाची छाती धडधडू लागते. आजोबांच्या पेटीत कोट्यवधींचा ठेवा पडून होता की काय! मुंबई असो, मडगाव असो की शिकागो, पुढची गोष्ट जवळजवळ नेहमी सारखीच घडते. जाणकार माणूस वाद्य उलटसुलट करून बघतो, कडा निरखतो आणि शांतपणे सांगतो, हे जर्मनीतलं आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं, घाऊक मालातलं.

हे लेबल म्हणजे दर वेळी लबाडी होती, असं नाही. ‘स्ट्रादिवारीच्या नमुन्यावर बेतलेलं’ एवढंच त्या काळच्या व्यापाऱ्यांना त्यातून सांगायचं असे आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असे. अमेरिकेत १८९० च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, तेव्हा त्याच लेबलाखाली ‘जर्मनी’ हा शब्दही छापून येऊ लागला. पिढ्या बदलल्या, माहिती विसरली गेली, कागद तेवढा चिकटून राहिला.

पण ही व्हायोलिनं घडवली कुणी? सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शन या गावी आणि आसपासच्या खेड्यांत. धर्मछळामुळे बोहेमियातून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट कारागिरांनी तिथे वस्ती केली आणि १६७७ साली बारा उस्तादांनी मिळून व्हायोलिन कारागिरांचा संघ स्थापला. पुढे एकोणिसाव्या शतकात मागणी इतकी वाढली की कामाच्या चिरफळ्या झाल्या. एका घरात फक्त मानेवरची गोगलगाईसारखी वेटोळी कोरायची, दुसऱ्या घरात फक्त पेटी जोडायची, तिसऱ्या घरात गज. आठवड्याचा माल पाठीवर लादून दलालाकडे पोचवायचा. या आडगावातून होणारी निर्यात एवढी होती की १८९३ ते १९१६ या काळात अमेरिकेने तिथे आपली वाणिज्य कचेरी थाटली होती. जगभरच्या गरीब आणि मध्यमवर्गीय घरांत व्हायोलिन पोचलं ते या हातांमुळे. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव वाद्यात नाही. नाव आहे ते आल्प्सपलीकडच्या, त्यांच्याही दीडशे वर्षं आधी वारलेल्या माणसाचं.

ही गोष्ट मराठी वाचकाने आज मुद्दाम वाचावी, याला कारण आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शिकलगारांच्या घराण्यातून, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या हातांतून, एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली ही कला. फरीदसाहेबांचं नाव तिच्या आरंभाशी जोडलेलं आहे. मानांकनाचा आनंद व्हायलाच हवा, तो मिरजेचा हक्कच होता. मात्र मानांकन हे शेवटी लेबल आहे. नक्कल रोखण्यापुरतं ते कामाचं. हात घडवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. हात कसे घडतात, कसे तुटतात आणि तुटलेले पुन्हा कसे जोडता येतात, हे ज्या गावाने स्वतःवर झेलून पाहिलं ते गाव क्रेमोना.

उत्तर इटलीत पो नदीकाठी वसलेल्या या गावात सोळाव्या शतकाच्या मध्याला आंद्रेआ आमाती याने व्हायोलिनला आजचं रूप दिलं. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारासाठी त्याने घडवलेल्या वाद्यांपैकी काही अजून टिकून आहेत. त्याच्यानंतर दोन मुलगे, मग नातू निकोलो. सगळं घरातल्या घरात. बाहेरच्या पोराला रंधा धरू द्यायचा नाही, अशी तऱ्हा. आपल्याकडच्या घराणेदार कलांमध्ये ही तऱ्हा ओळखीची आहे.

मग १६३० चा प्लेग आला. निकोलोचा बाप त्यात गेला. शेजारचं ब्रेशा हे शहर व्हायोलिनच्या कामात क्रेमोनाच्या तोडीचं होतं, तिथली परंपराही त्या सुमाराला लयाला गेली. आमातींच्या दर्जाचं काम येणारा इटलीत निकोलो जवळजवळ एकटाच उरला. मागणी तर थांबली नव्हती. अशा वेळी त्याने जे केलं त्याला व्हायोलिनच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल म्हणायला हवं: त्याने दार उघडलं. परक्या घरांतली पोरं उमेदवारीला घेतली, आपल्याच घरात ठेवली, जेवू घातली. १६४१ च्या नोंदीत आंद्रेआ ग्वार्नेरी हा मुलगा त्याच्या घरात राहताना दिसतो. त्याचा नातू जुझेप्पे, ज्याला ‘देल जेझू’ म्हणतात, तो पुढे स्ट्रादिवारीच्या बरोबरीचा मानला गेला. खुद्द स्ट्रादिवारीच्या १६६६ सालच्या एका लेबलावर निकोलो आमातीचा शिष्य असा उल्लेख आहे. तो त्या घरात किती काळ राबला यावर अभ्यासकांत वाद आहेत. त्याच्या कामावरची आमातीची छाप मात्र वादातीत आहे.

म्हणजे सुवर्णकाळ आला तो विद्या कुलूपबंद राहिल्यामुळे नव्हे. कुलूप निघालं तेव्हा तो आला.

स्ट्रादिवारी १७३७ साली, नव्वदी पार करून वारला. हजाराच्या वर वाद्यं त्याच्या हातून गेली, त्यातली साडेसहाशेच्या आसपास आज आहेत. सान दोमेनिको चौकाच्या परिसरात आमाती, ग्वार्नेरी, बेर्गोन्झी आणि तो, हे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर काम करत. शेजाऱ्याच्या दारात वाळत टाकलेलं व्हायोलिन येताजाता दिसायचं. कुणी कमान थोडी चपटी केली, कुणी भोकाची उतरण बदलली, हे लपून राहणं शक्यच नव्हतं. अशी आळी हीच शाळा असते.

या कामात नजरेला न दिसणारं किती असतं, त्यासाठी वाद्य जरा जवळून पाहायला हवं. क्रेमोनाची रीत अशी की आधी अक्रोडाच्या लाकडाचा सपाट साचा घ्यायचा. त्याच्याभोवती मेपलच्या पातळ पट्ट्या, तापलेल्या लोखंडावर ओलसर वाकवून, कडेच्या भिंतीसारख्या उभ्या करायच्या आणि मग साचा आतून काढून घ्यायचा. स्ट्रादिवारीचे हे साचे आजही जपलेले आहेत. वरची फळी स्प्रूसची, खालची मेपलची. वरची फळी फक्त अडीच-तीन मिलिमीटर जाड ठेवायची, आणि चार तारांचा मिळून वीस किलोंच्या वर जाणारा ताण तिने पेलायचा. कडेने जी बारीक काळी-पांढरी-काळी रेघ दिसते ती रंगवलेली नसते. दीड मिलिमीटरहून अरुंद चर कोरून त्यात लाकडाच्या तीन पट्ट्या बसवलेल्या असतात. व्हायोलिनची कड कुठे आपटली तर तडा त्या रेघेपाशी थांबावा, हा तिचा उपयोग. शोभा नंतरची.

आणि जोडायला सरस. जनावरांच्या कातड्यापासून उकळून काढलेला, आपले जुने सुतार वापरत तोच. त्याचा गुण असा की तो गरज पडली की सुटतो. लाकूड आक्रसलं, ताण आला, तर फळी फाटण्याआधी सांधा उकलतो. कारागीर कोमट पाणी आणि पातळ सुरीने वाद्य उघडतो, दुरुस्त करतो, पुन्हा मिटतो. तीनशे वर्षांची व्हायोलिनं आज वाजतात ती यामुळेच. आत, घोडीच्या एका पायाजवळ, स्प्रूसची एक बारीक काडी दोन फळ्यांच्या मधे नुसती उभी असते, सरसाशिवाय, ताणाच्या जोरावर. इटालियन कारागीर तिला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे प्राण. ती केसभर सरकली तरी आवाज बदलतो. किती सरकवायची हे पुस्तकात सांगता येत नाही. उस्तादाच्या शेजारी बसून, त्याचा हात पाहून, कानाने शिकावं लागतं.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना जगाला मात्र हवं असतं ते ‘स्ट्रादिवारीचं रहस्य’. कधी ते रोगणात असतं, कधी लाकूड कोणत्या रसायनात भिजवलं त्यात, कधी सतराव्या शतकातल्या थंडीमुळे झाडांच्या दाटलेल्या वलयांत. यातल्या काही गोष्टींत तथ्यही असेल. पण २००९ साली फ्रेंच संशोधकांनी स्ट्रादिवारीच्या पाच वाद्यांचं रोगण तपासलं, तेव्हा हाती लागलं ते तेल, पाइनची राळ आणि त्या काळच्या कुठल्याही चित्रकाराकडे असलेले रंग. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून सहा जुनी इटालियन आणि सहा नवी व्हायोलिनं त्यांच्या हाती दिली. जुनी त्यांत बहुतांश स्ट्रादिवारीची. नवं कोणतं आणि जुनं कोणतं हे वादकांना ओळखता आलं नाही आणि पसंती नव्याकडे झुकली.

यावरून जुन्या वाद्यांचं मोल उतरतं असं समजायचं कारण नाही. लेडी ब्लंट या नावाने ओळखलं जाणारं १७२१ चं स्ट्रादिवारी व्हायोलिन जपानमधल्या एका संस्थेने २०११ मध्ये भूकंपग्रस्तांसाठी विकलं, तेव्हा त्याला सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलर आले. अशा ठेव्याला भाव येणारच. मात्र रहस्याची कहाणी एक मोठं नुकसान करते. कला एका माणसासोबत आली आणि त्याच्यासोबतच गेली, असं ती शिकवते. मग आज जिवंत असलेल्या कारागिराकडे कोण बघणार?

क्रेमोनाला हे नुकसान फार महागात पडलं. स्ट्रादिवारीमागोमाग त्याचे दोन मुलगे १७४२ आणि १७४३ मध्ये गेले, १७४४ मध्ये देल जेझू आणि १७४७ मध्ये कार्लो बेर्गोन्झी. दहा वर्षांत आळी ओस पडली. नंतर स्तोरिओनी, चेरुती अशा काहींनी दिवा तेवत ठेवला, पण पुढची पिढी तयार करील अशी व्यवस्था राहिली नव्हती. स्ट्रादिवारीचा धाकटा मुलगा पाओलो कापडाचा व्यापारी. त्याने बापाचे साचे, नकाशे, अवजारं १७७५-७६ च्या सुमारास कोझिओ या सरदाराला विकून टाकली. १८६९ मध्ये सान दोमेनिकोचं चर्चच पाडलं गेलं आणि त्यासोबत स्ट्रादिवारीची कबरही गेली. गावाला त्याचं फारसं वाटलं नाही. साचे शाबूत होते, कागद शाबूत होते, लाकूड त्याच डोंगरांत उगवत होतं. तरी क्रेमोनात क्रेमोनासारखं व्हायोलिन होईना. मधला माणूस गळाला होता.

इतरत्र काय झालं तेही पाहावं. बव्हेरियातल्या मिटेनवाल्डला व्यापारपेठ होती म्हणून गाव नांदत होतं. १६७९ मध्ये ती पेठ हलली आणि गावावर अवकळा आली. माथियास क्लोत्स नावाचा तरुण इटलीत पादुआला वाद्यकाम शिकून परतला, त्याने गावात हे काम रुजवलं आणि अख्ख्या खोऱ्याला पोटापाण्याचा धंदा मिळाला. १८५८ मध्ये तिथे व्हायोलिन घडवण्याची सरकारी शाळा निघाली, ती आजही चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातल्या शोनबाखचे जर्मन कारागीर घरादारासकट हाकलले गेले. त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियात बुबेनरॉइथ या लहानशा खेड्यात नव्याने मांड ठोकली आणि ते खेडं वाद्यांचं गाव झालं. जमीन सुटली, हात सोबत गेले, म्हणून कला जगली. भौगोलिक ओळख ही मुळात माणसांची ओळख असते, याचा याहून ठळक दाखला सापडणं कठीण.

क्रेमोनाला जाग आली ती विसाव्या शतकात. जुझेप्पे फिओरिनी या कारागिराने स्ट्रादिवारीचा तो विकला गेलेला वारसा स्वतःच्या पैशाने १९२० मध्ये परत मिळवला. त्यावर एक शाळा उभी राहावी ही त्याची तळमळ. कुणी दाद दिली नाही. अखेर १९३० मध्ये त्याने सगळं क्रेमोनाला देऊन टाकलं. स्ट्रादिवारीच्या द्विशताब्दीचा सोहळा १९३७ मध्ये झाला, त्यात तेव्हाच्या फासिस्ट राजवटीची मिरवणूकही होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्यातून १९३८ मध्ये व्हायोलिन घडवण्याची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली आणि राजवट गेली तरी शाळा राहिली.

शिकवायला गावात परंपरेतला माणूस नव्हता. मग शिक्षक बाहेरून आणले: हंगेरीचा पेटर तातार, पार्माकडचा स्गाराबोत्तो, न्यूयॉर्कला नावारूपाला आलेला रोमचा सिमोने साकोनी. साकोनीने फिओरिनीच्या देणगीतले साचे आणि नकाशे वर्षानुवर्षं तपासून स्ट्रादिवारीची कामाची रीत पुन्हा मांडली, आणि मोरासी, बिसोलोत्ती यांच्यासारख्या पुढच्या शिक्षकांनी ती पोरांच्या हातांत उतरवली. विद्यार्थीही जगभरातून आले, अनेक जण तिथेच राहिले. आज क्रेमोनात शंभराहून अधिक कार्यशाळा आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पाट्यांवर जपानी, कोरियन, जर्मन आडनावं आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने या कलेला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. क्रम लक्षात घ्यावा. आधी शाळा, सन्मान चौऱ्याहत्तर वर्षांनी.

गावाने काय मानलं आहे, ते २०१९ च्या जानेवारीत दिसलं. जुन्या वाद्यांचा प्रत्येक स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं काम तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात सुरू झालं. माइक इतके संवेदनशील की बाहेरच्या फरशीवर टाचा वाजल्या तरी आत उमटायच्या. नगराध्यक्षांनी आसपासचे रस्ते बंद केले आणि लोकांना विनंती केली, आवाज करू नका. पाच आठवडे गाव कुजबुजत जगलं.

मिरजेकडे क्रेमोनाजवळ १९३८ साली नसलेली एक गोष्ट आहे: साखळी अजून तुटलेली नाही. सतारमेकर गल्लीत आजही भोपळा कापला जातो, दांडी घासली जाते, खुंट्या बसतात. महाराष्ट्राने आणि गोव्याने व्हायोलिनला वादक दिले. गोव्याच्या चर्चशाळांत गजावर हात बसलेले कलावंत मुंबईच्या सिनेमाचा वाद्यवृंद झाले, गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी ख्याल त्याच्या तारांवर आणला. वाद्य घडवणाऱ्याला मात्र आपण कलावंत म्हणून कधी ओळखलं नाही. मैफलीच्या पत्रिकेवर तंबोऱ्यावर साथ कुणाची ते छापतात, तंबोरा कुणी केला ते छापत नाहीत. मार्कनॉयकिर्शनच्या कारागिरांसारखंच हे.

जवारी लावणं हे मिरजेचं ‘आनिमा’. घोडीच्या माथ्याला हलका उतार द्यायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा पुसटसं घासायचं. तंबोऱ्यात सूत सरकवत ती जागा शोधायची, जिथे एका तारेतून सगळे स्वर उमलतात. एक घास जास्त झाला की आवाज बंद पडतो. हे कान तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत पोराचं घर कुणी चालवायचं, हा खरा प्रश्न आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचं ॲप हाताशी असताना बाप मुलाला या कामात ओढायला कचरतो, त्यात बापाची चूक काढता येत नाही.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी. मिरजेत वाद्यनिर्मितीची पूर्णवेळ सरकारी शाळा, उमेदवारीच्या काळात दरमहा विद्यावेतन, आणि उस्तादांना पदवीची अट न घालता शिक्षकाचा पगार. घराण्याबाहेरच्या मुलामुलींना दार उघडं. निकोलो आमातीने प्लेगनंतर जे केलं ते मिरजेने प्लेगची वाट न पाहता करावं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्याच्या लागवडीला हमीभावासारखा आधार हवा, कारण उसाच्या मानाने परवडलं नाही तर शेतकरी वाद्याचा भोपळा लावणार नाही. इटलीतल्या फिएम्मे खोऱ्यात स्वरासाठी राखलेलं स्प्रूसचं जंगल आहे. २०१८ च्या वादळात त्या भागात झाडांची प्रचंड पडझड झाली तेव्हा कारागीर आणि वनखातं दोघंही हादरले, कारण कच्चा माल हा वारशाचा भाग आहे हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आणि प्रत्येक तंबोऱ्याच्या आत, भोपळ्याच्या तोंडाशी, मानांकनाच्या शिक्क्याशेजारी करणाऱ्याचं नाव असावं. फक्त दुकानाचं नव्हे; ज्याने दांडी कोरली त्याचं, जिने किंवा ज्याने जवारी लावली तिचं किंवा त्याचं. भौगोलिक मानांकनाची मुदत दहा वर्षांची असते, मग नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. त्या दहा वर्षांत किती नव्या हातांनी जवारी लावायला घेतली, असा रकाना त्या अर्जात नसतो. मिरजेने तो आपल्या वहीत आजच आखून घ्यावा आणि दर वर्षी गल्लीतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा.